पितळेची चकाकी आणि कामगाराचे हात

वसंतातल्या व्याख्यानासाठी पितळ घासण्याचा विषय काही मंडळींना चमत्कारिक वाटेल. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी मलकापुरातल्या घराघरांत गुढीवर ठेवावयाचा तांब्या घासला जातो, आणि येथून बोदवडच्या पुढे, भुसावळच्या अलीकडे असलेल्या वरणगावी १९६४ पासून बंदुकीची काडतुसे तयार होतात. देवघरातली पितळी समई आणि काडतुसाची पुंगळी ही एकाच धातूची लेकरे. दोन्ही स्वच्छ कराव्या लागतात, आणि त्या स्वच्छ करणारे हात बहुधा गरिबाचेच असतात. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून. त्या बळावरच येथे बोलत आहोत.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. काडतुसाच्या पितळेत शंभरात सुमारे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. हेच पितळ का? गोळी सुटते त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, त्यामुळे तप्त वायू मागे येत नाही. आणि दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर ओढता येते. असा लवचिक, तरी दमदार धातू स्वस्तात दुसरा मिळणे कठीण. त्याचा एकच दोष असा की हवेतल्या प्राणवायूने व ओलाव्याने तो काळवंडतो. वर जी तपकिरी पुटे चढतात ती मुख्यत्वे तांब्याच्या ऑक्साइडची.

आमची आजी भांडी घासताना चुलीतली पऱ्हाटीची राख आधी घेई आणि चिंच मागाहून. हा क्रम तिला कोणी पुस्तकातून शिकविला नव्हता, पण तो शास्त्राला धरून होता. राखेत क्षार असतात. ते तेल-तुपाचा ओशटपणा काढतात, आणि राखेचे बारीक कण घासण्याचेही काम करतात. ओशट गेल्याखेरीज आंबट पदार्थ धातूपर्यंत पोचतच नाही. मग चिंचेतले टार्टारिक आम्ल, लिंबातले सायट्रिक आम्ल किंवा ताकातले लॅक्टिक आम्ल काळे पूट विरघळवते. चिमूटभर मीठ टाकले की हे काम लवकर होते. शेवटी भरपूर पाणी, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणे. पाण्याचा थेंब राहिला तर दुसऱ्या दिवशी तेथेच डाग दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या गुणाने चिंच भांडे उजळते, त्याच गुणाने आंबट पदार्थ भांडे खातात. म्हणूनच बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. भांडे चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले तर सकाळी ते पिवळे न दिसता गुलाबी दिसते. ही चकाकी नव्हे; वरच्या थरातले जस्त निघून जाऊन नुसते तांबे उरल्याची ती खूण आहे. जास्त आम्ल म्हणजे जास्त स्वच्छता, ही समजूत चुकीची आहे.

आता बाजारातल्या वस्तू. ठाण्याहून १९८९ मध्ये पितांबरी पावडर निघाली आणि घराघरांतली चिंच-राख हळूहळू मागे पडली. गॅस आल्यावर चुलीची राख तरी कोठून मिळणार? डब्यातून मिळणारी पातळ पॉलिशे त्याहून जुनी. शोभेच्या वस्तूला ती चांगली; पण त्यांपैकी काहींत अमोनिया असतो, आणि काडतुसाच्या पुंगळीला अमोनिया म्हणजे शत्रू.

याची एक गोष्ट आपल्याच देशात घडली. ब्रिटिश अमदानीत फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून साठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर बाहेर काढली तो पुंगळ्यांना तडे गेलेले! ऋतूचा काही परिणाम असावा असे वाटून त्या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. खरे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडून दाखविले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघत होता, आणि थंड अवस्थेत ओढून घडविलेल्या पुंगळीच्या अंगात ताण उरलेला होता. ताण आणि अमोनिया एकत्र आले, ओलाव्याने साथ दिली, आणि धातू फाटला. उपाय साधा निघाला : घडण पूर्ण झाल्यावर पुंगळीला बेताची उष्णता देऊन तिच्यातला ताण घालवावयाचा. वरून ताठ दिसणाऱ्याच्या आत किती ताण साचला आहे, हे तडा गेल्यावरच कळते. युनियनचे काम करणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही.

पुंगळी घडविताना पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. दर ओढणीने धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करतात. तापविल्यावर चढलेली काळी पुटे पातळ गंधकाम्लात धुऊन काढतात आणि नंतर पाण्याने स्वच्छ करतात. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, नेमबाजीचे शौकीन वापरलेली पुंगळी स्वच्छ करून घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनविणे परवान्याच्या बंधनात ठेवले आहे. तो घरगुती छंद नव्हे. पण त्यांच्या साफसफाईच्या रीती पाहण्यासारख्या आहेत. कोणी लिंबूसत्त्वाच्या सौम्य कोमट पाण्यात पुंगळ्या थोडा वेळ ठेवतात. कोणी फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलाचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा घालून त्यात त्या घोळवतात. आपण जे कणीस चुलीत घालतो ते तेथे पिशवीत भरून विकले जाते!

या कोरड्या घोळवण्यात एक धोका आहे. काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्या मसाल्यात बहुधा शिशाचे संयुग असते. गोळी सुटल्यावर त्या शिशाची काजळी पुंगळीत उरते आणि घोळवताना धूळ होऊन उडते. शिसे श्वासावाटे अंगात जाते, आणि लहान मुलांना तर फारच बाधते. म्हणून हे काम ओल्या रीतीने करावे, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नये.

तीसएक वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच कामगारांत फिरू लागलो होतो. एका गावी समया-घंट्या उजळण्याचे एक दुकान होते. तेथे पितळ तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, बुडवून काढीत. बुडविताच तांबूस धूर उठे. एके दिवशी एक तरुण कामगार दिवसभर त्या धुरात राहिला. संध्याकाळी नुसता खोकला होता; मालक म्हणाला, सर्दी असेल. रात्री त्याचा श्वास कोंडला. या धुराचे हेच कपट आहे : तो लागतो त्या वेळी फारसे कळत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. जीव वाचला, पण ओझे उचलण्याचे काम त्याला पुन्हा जमले नाही.

आम्ही मागण्या केल्या त्या तीनच : धूर ओढून नेणारा पंखा, रबरी हातमोजे आणि जवळ वाहत्या पाण्याचा नळ. १९४८ च्या कारखाना कायद्याने विषारी धुरापासून आणि डोळ्यांच्या इजेपासून कामगाराचे रक्षण सांगितले होते; पण तो कायदा दोनचार माणसांच्या दुकानापर्यंत पोचत नव्हता. आठवडाभर काम बंद ठेवल्यावर पंखा आणि मोजे मिळाले. नळ मिळाला नाही. तो आमच्या मनाला अजून लागून आहे.

तात्पर्य एवढेच. घरी पितळ उजळावयाचे असेल तर आधी ओशट काढा, मग सौम्य आंबट लावा, थोडाच वेळ ठेवा, भरपूर धुवा, कोरडे करा. तेजाबाला घरात थारा देऊ नका. कामावर आम्ल पातळ करावे लागलेच तर आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. आणि बाजारातून लखलखीत समई घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, ही उजळली कोठे, कशाने, आणि उजळणाऱ्याच्या हातात मोजे होते काय? असे विचारणारी गिऱ्हाइके दहा झाली, तर जो नळ आम्हाला संप करूनही मिळाला नाही तो कदाचित बसेल.