ठेवीला कवच, कर्जाला धीर

ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परदेशी कर्जफेडीबाबत हात वर केले, तेव्हा अमेरिकेतल्या नऊ सर्वांत मोठ्या बँकांनी लॅटिन अमेरिकेला दिलेली कर्जे त्यांच्या भांडवलाच्या सुमारे १७६ टक्के होती. ती बुडाली असती, तर सगळे भांडवल संपूनही खड्डा उरला असता. तरीही या बँकांच्या दारात सामान्य ठेवीदारांच्या रांगा लागल्या नाहीत. १९८० मध्येच ठेव विम्याची मर्यादा ४० हजारांवरून १ लाख डॉलरवर गेली होती. ज्याची ठेव सुरक्षित, तो आपली बँक ब्राझीलला किती कर्ज देते हे कशाला विचारेल?

पण खरी मेख पुढेच आहे. या बँकांचा बराचसा पैसा परदेशी शाखांतल्या ठेवींतून येई आणि त्यांना विमा नव्हताच. तिथला भरवसा अलिखित होता: सरकार मोठी बँक बुडू देणार नाही. मे १९८४ मध्ये काँटिनेंटल इलिनॉय बँक कोसळू लागली, मुख्यतः तेल-वायू कर्जांमुळे. तेव्हा अमेरिकेच्या ठेव विमा महामंडळाने मर्यादा बाजूला ठेवून सर्वच ठेवीदारांना हमी दिली. मोठ्या बँकांना त्यामुळे सवड मिळाली. लॅटिन अमेरिकेच्या जुन्या कर्जांच्या मुदती वाढत राहिल्या. या बड्या बँकांपैकी सिटीकॉर्पने बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी ३ अब्ज डॉलरची तरतूद केली ती थेट मे १९८७ मध्ये.