वृक्षांवरील बुरशी : ओळख आणि उपाय

आपल्या विद्यालयाच्या प्रांगणातील वृक्ष हे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचे सोबती आहेत. गेल्या पावसाळ्यात भोजनगृहासमोरील जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी तांबूस-तपकिरी, लाखेचा लेप दिल्यासारखी चकाकणारी, पंख्याच्या आकाराची कठीण वाढ दिसली. मुलांनी ती कौतुकाने दाखविली. आम्ही मात्र चिंतेत पडलो. अशीच वाढ अनेकांच्या अंगणात आढळते, म्हणून हे टिपण.

झाडावर दिसणारी ही वाढ म्हणजे बुरशीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर, म्हणजे सुतासारखे बारीक कवकजाल, लाकडात किंवा मुळांत पसरलेले असते. फळ दिसेपर्यंत आतील लाकूड बहुधा काही वर्षे कुजत आलेले असते. म्हणून ते खरवडून टाकल्याने रोग जात नाही. केवळ बीजाणूंचा फैलाव काहीसा कमी होतो.

सगळीच वाढ घातक नसते. सालीवरील करड्या-हिरव्या पापुद्र्यांचे दगडफूल हे बुरशी व शैवाल यांचे सहजीवन आहे. ते झाडातून अन्न शोषत नाही. त्याला हात लावू नये. वाळलेल्या फांदीवरील अळंबी मृत लाकूड कुजविते; ती फांदी छाटली की पुरे. बांडगूळ ही तर बुरशीच नव्हे, ती परजीवी वनस्पती आहे. परंतु जिवंत खोडावर, विशेषतः जमिनीलगत, कठीण पंखे उगवले तर सावध व्हावे. गुलमोहरासह अनेक झाडांवर आढळणारी गॅनोडर्मा ही बुरशी मुळे व बुंधा कुजविते. पाने हिरवी असूनही असे झाड वादळात कोसळू शकते.

तपासणी सोपी आहे. लाकडी हातोडीने खोडावर ठोकावे; पोकळ आवाज आला तर आतील लाकूड गेले असण्याची शक्यता असते. शेंडा वाळणे, पाने विरळ होणे, खोड नव्याने कलणे, मुळांजवळची माती उचलली जाणे, ही धोक्याची चिन्हे होत. शंका असल्यास कृषी विद्यापीठातील किंवा उद्यान विभागातील जाणकारांना दाखवावे.

मोठ्या झाडाच्या लाकडात शिरलेली बुरशी काढणारे खात्रीचे औषध नाही. प्रतिबंध हाच उपाय. बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधू नये, पाणी साचू देऊ नये, मुळे तोडू नयेत, खिळे ठोकू नयेत. फांदी कोरड्या हवामानात, खोडालगतचा फुगीर भाग राखून कापावी. रोगट झाडावर वापरलेली हत्यारे निर्जंतुक करावीत. आणि अशी अळंबी कोणी चाखू नये, हे मुलांना बजावून सांगावे.

आमच्या गुलमोहराचा बुंधा पोकळ वाजला. त्याच्याभोवतीचा ओटा आम्हीच हौसेने बांधला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. विनयात भिक्षूंना वनस्पती तोडण्यास मनाई आहे. तेव्हा झाड पाडण्याचा विचार आम्हांस सहज पटणारा नव्हता. पण त्याच सावलीत मुले जेवावयास बसत. आम्ही दोर बांधून जागा बंद केली, पंगत हलविली आणि परवानगीसाठी अर्ज केला. नागरी क्षेत्रात 1975 च्या अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही, हे सर्वांनी ध्यानी ठेवावे. नवे रोप त्याच खड्ड्यात लावू नये. जुन्या मुळांत बुरशी टिकून राहते.

बोधगयेचा जीर्ण झालेला बोधिवृक्ष 1876 मध्ये वादळात कोसळला आणि 1881 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. आज त्या वृक्षाच्या फांद्यांना टेकू दिलेले आहेत आणि देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्याची तपासणी करतात. अनित्यता कोणालाच चुकत नाही. परंतु वेळीच पाहणे, जपणे आणि गेलेल्याच्या जागी नवे लावणे आपल्या हाती आहे. माजी विद्यार्थ्यांनी भेटीस येताना एखादे रोप आणावे, ही विनंती.