लग्न कोणी लावायचे?

मनासारख्या विधीने लग्न करायचे ठरले, की ते लावणार कोण हे हॉल आणि जेवणाच्या आधी ठरवावे लागते. सातारा-सांगलीकडे हा प्रश्न जुना आहे. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे. त्यांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजीविना पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे 1887 मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली. ती मंगलाष्टके वधूवरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत: ती स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते, तो वचन देतो. मुख्य बोलणे त्या दोघांकडे आल्याने लग्न लावणाऱ्याला सूत्रसंचालन तेवढे उरले. दुसऱ्याने लग्न लावले तरी दक्षिणेवर हक्क सांगण्याची गावजोशांची वहिवाट मात्र 1926 च्या कायद्यापर्यंत टिकली.

प्रतिसरकारच्या काळात साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगलीच्या वाळवा-तासगाव भागातही, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुंडा, मानपान व कर्ज टाळणारे गांधी विवाह रूढ केले. जी. डी. बापू लाड यांनी भूमिगत असतानाच कुंडलमध्ये असे लग्न केले.

आज सत्यशोधक किंवा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे विवाह लावतात. मंत्र हवेत पण अर्थासह, असे वाटणाऱ्यांसाठी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरुष पुरोहित तयार केले आहेत. घरातली आत्या किंवा जुने शिक्षकही हे काम उत्तम करू शकतात, आवाज स्वच्छ आणि तयारी पक्की असली म्हणजे झाले.

निवडीआधी त्या व्यक्तीने लावलेले एखादे लग्न मांडवात बसून ऐकावे. संहिता आधी हातात घ्यावी आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर वाचावी. कन्यादान ठेवायचे की वगळायचे, अंतरपाट कोण धरणार, शपथ कोणत्या शब्दांत, हे तिथेच मिटते. एक प्रश्न जरूर विचारावा: वधूची किंवा वराची आई विधवा असेल, तर विधीत तिला पुढे घ्याल का? शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. या प्रश्नावर जी व्यक्ती आढेवेढे घेते, तिने समतेची शपथ वाचून काय उपयोग?

आपल्याकडे वेळ खातात ते पाहुण्यांचे सत्कार. पुढाऱ्याची गाडी आली, की माईक निवेदकाच्या हातात जातो आणि वधूवर हार धरून ताटकळतात. म्हणून शपथ सुरू झाल्यावर माईक कोणालाही द्यायचा नाही, हे निवेदक आणि बँडवाल्यांना आदल्या दिवशीच बजावणारी खमकी व्यक्ती हवी.

कायद्याची बाजू अशी. हिंदू विवाह कायदा, 1955 हा वराकडचा किंवा वधूकडचा रूढ विधी मानतो. सप्तपदी हा ज्या विधीचा भाग आहे, तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. विधीच झाला नसेल, तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. अगदी नवा विधी रचणाऱ्यांनी म्हणून विशेष विवाह कायद्याखालीही लग्न करावे. त्यासाठी 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. नेहमीच्या नोंदणी अर्जात मात्र पुरोहिताच्या सहीचा रकाना असतो. लग्न लावणाऱ्याची ती सही करायची तयारी आहे ना, हे सुपारी फुटण्याआधीच विचारून घ्यावे.