कुट्टी यंत्रात ओली वैरण अडकू नये म्हणून



पावसाळा लागला, बांधावरचे गवत कमरेला आले, की कडबाकुट्टी यंत्राची एक तक्रार हमखास सुरू होते. उन्हाळ्यात वाळला कडबा खटाखट कापणारे तेच यंत्र ओल्या गवताला घुटमळते. आवाज जड होतो, पट्टा घसरतो आणि यंत्र मध्येच बंद पडते. गोठ्यात जनावरे हंबरत असतात, दुधाची वेळ झालेली असते. मग घाईघाईने माणूस अडकलेले गवत ओढायला हात घालतो. अशा वेळी बोटे जातात, मनगट जाते. म्हणून दोन गोष्टी नीट समजून घेऊ. वैरण मुळात अडकू नये म्हणून काय करावे, आणि अडकलीच तर ती कशी काढावी.

वैरण अडकते का?

यंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. दाते असलेले दोन रोलर वैरण आत ओढतात. जड चाकावर बसवलेली पाती ती आडव्या पोलादी पट्टीवर धरून कापतात. कापलेली कुट्टी चाकाच्या वेगाने बाहेर फेकली जाते. यांपैकी एक टप्पा जरी मंदावला तरी मागून येणारी वैरण साचते.

ओल्या गवतात पाणी आणि चीक असतो. त्यामुळे कुट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटते, तिचे थर बसतात आणि बाहेर पडायची वाट अरुंद होते. पाते बोथट असेल तर गवत कापले न जाता फाटते. त्याचे लांब तंतू रोलरच्या दांड्याला सुतासारखे गुंडाळतात. विजेचा दाब कमी असेल किंवा पट्टा सैल असेल तर चाकाला वेग राहत नाही. बाहेर पडलेल्या कुट्टीचा ढीग तोंडाशी साचला, तरी मागे तुंबते.

अडकू नये म्हणून काय करावे?

१. पावसात भिजलेले गवत तसेच यंत्राला देऊ नका. कापून आणल्यावर दोन-तीन तास पातळ पसरून ठेवा. वरचे पाणी निथळले की गवत चिकटत नाही.

२. लसूणघास, कोवळे गवत अशी मऊ वैरण एकटी देण्यापेक्षा तिच्यात वाळला कडबा मिसळून द्या. कडक चिपाडे मऊ गवताला पुढे ढकलतात आणि झाकणाला बसलेला थरही खरवडून नेतात. जनावरालाही ओली-सुकी वैरण एकत्र मिळते.

३. पेंढीचा बंध, सुतळी, तार आधी काढून टाका. सुतळीचा एक तुकडा रोलरला गुंडाळला की पुढचे गवत त्याच्यावर गुंडाळत जाते. मुळाशी आलेली माती आणि खडे झटका. खड्याने पात्याची धार एका दिवसात जाते.

४. आधी यंत्र रिकामे चालू करा. चाकाला पुरा वेग आला की मगच वैरण द्या. ताटे सरळ ठेवून बुडखा आधी सारा. एकदम कवळभर कोंबू नका. मूठ-मूठ, पण सारखी देत राहा. आवाज जड झाला की देणे थांबवा, तो मोकळा झाला की पुन्हा सुरू करा. कान हेच इथे चांगले मापक आहे, बरं का!

५. पात्यांना वेळच्या वेळी धार लावा. धार फक्त ढाळाच्या बाजूने लावायची, सपाट बाजू घासायची नाही. पाती बदलायची तर सगळी एकदम बदला. एक जड आणि एक हलके झाले की चाक हादरते. पाते पट्टीला घासता कामा नये, पण तिच्या अगदी जवळून गेले पाहिजे. फट वाढली की गवत कापण्याऐवजी दुमडून आत जाते. पात्यांचे नटबोल्ट घट्ट आहेत का, हे रोज पाहा. मात्र ही सगळी कामे प्लग काढून आणि चाक अडवूनच करायची.

६. काम संपले की लगेच बटण बंद करू नका. आतली वैरण निघून जाईपर्यंत यंत्र रिकामे फिरू द्या. मग बंद करून, प्लग काढून, झाकणाला चिकटलेला चोथा लाकडी पट्टीने खरवडा. वाळल्यावर तो निघत नाही आणि पत्राही गंजतो.

अडकलीच तर?

रोलरने जास्त वैरण ओढली असेल आणि चाक अजून फिरत असेल, तर उलट्या गिअरची दांडी ओढा. वैरण आपोआप मागे येईल. तुमच्या यंत्राला ही सोय नसेल किंवा चाकच थांबले असेल, तर पुढील क्रमाने जा.

पहिले, बटण बंद करा. अडकलेली मोटर चालू ठेवली तर ती गरम होऊन जळते. दुसरे, प्लग काढून बाजूला ठेवा. तिसरे, चाक पूर्ण थांबू द्या. वीज बंद झाली तरी जड चाक काही वेळ फिरतच राहते. चौथे, चाकाच्या आऱ्यांत लाकडी दांडके घालून ते अडवा, कारण अडकलेले गवत सुटताच चाक एकदम फिरू शकते. पाचवे, झाकण उघडून वैरण आकडीने किंवा काठीने काढा, हाताने नाही. शेवटी दांडके आणि आकडी बाहेर काढल्याची खात्री करा, झाकण बसवा आणि मगच प्लग लावा.

इथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र कधी कधी वैरणीमुळे नव्हे, तर वीज गेल्यामुळे थांबते. "लाइट नाही, आता काय होणार?" असे म्हणून माणूस हात घालतो. साध्या बटणावर चालणारी मोटर वीज येताच आपोआप सुरू होते. विहिरीच्या पंपाला आपण ऑटो स्विच बसवतो, तसा तो कुट्टी यंत्राला कधीही बसवू नका. वीज गेली तरी प्लग काढायचा म्हणजे काढायचाच.

कामाला कोण आणि कसे?

वैरण सारायची पत्र्याची पन्हळ लांब असावी आणि तिचा पुढचा भाग वरून झाकलेला असावा. त्या झाकणाच्या आत बोट जाता कामा नये. शेवटची आखूड वैरण हाताने ढकलू नका. पुढच्या मुठीने किंवा काठीने ढकला. साडीचा पदर खोचलेला, केस बांधलेले आणि बांगड्या काढलेल्या असाव्यात. गड्याने उपरणे गळ्यात ठेवू नये. मुलांना यंत्राजवळ फिरकू देऊ नका. रात्री काम करायचेच असेल तर डोक्यावर चांगला दिवा हवा. झोप येत असताना किंवा दारू प्यालेली असताना यंत्राला हात लावू नये.

एवढे करूनही अपघात झाला तर घाबरून वेळ घालवू नका. आधी वीज तोडा. जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. १०८ नंबरला फोन करा आणि माणसाबरोबर ती पिशवीही दवाखान्यात न्या. जखमेला हळद, माती, तंबाखू लावू नका.

आजच एक काम करा. हातभर लांबीची आकडी आणि एक दांडके यंत्राशेजारी खुंटीला टांगून ठेवा. गरजेच्या वेळी ती हाताशी असली, म्हणजे हात आत जाणार नाही. आणि घरात जो जो वैरण कापतो, त्या प्रत्येकाला हे पत्रक वाचून दाखवा.