नऊवारीचा कासोटा अन् बॅलेचा टुटू: नाचाचा पोशाख ठरवतं कोण?

डिसेंबर-जानेवारीत जिंतूर तालुक्यातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झाली की घरोघरी एक प्रश्न येतोच: ड्रेस कुठून आणायचा? लावणीला नऊवारी, गोंधळाला झगा. बहुतेकदा तो एका संध्याकाळपुरता भाड्याने येतो. पायात घालायचा, नाडी ओढायची, की नऊवारी ‘नेसून’ तयार!

त्याच मुलीच्या मोबाइलवर रीलमध्ये बॅलेची नर्तिका गिरक्या घेत असते. कमरेभोवती पांढऱ्या जाळीचा ताटासारखा आडवा घेर. त्याला म्हणतात टुटू. नऊवारी आणि टुटू दिसायला एकमेकांपासून कितीही लांब असले, तरी दोन्ही एकाच अडचणीतून घडले. नाचणारीचे पाय मोकळे हवेत आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते दिसायलाही हवेत.

टुटू आखूड का झाला?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या ऑपेरात नर्तिका दरबारी पोशाखातच नाचत. घागरा जमिनीला टेकणारा, आत फुगवण्यासाठी सांगाडा. अशा कपड्यात पायांची करामत दाखवणार कशी? मारी कामार्गो ही नर्तिका हवेत उडी मारून पायांची झटपट अदलाबदल करण्यात तरबेज होती. ती लोकांना दिसावी म्हणून तिने घागरा घोट्याच्या वर घेतला. तेवढ्यावरूनही तेव्हा बरीच कुजबुज झाली.

पुढचं वळण 1832 चं. ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी तालिओनी परी होऊन आली, ती पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या मलमली घेरात. पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे 1822 मध्येच आले होते. त्या उजेडात पातळ मलमल धुक्यासारखी दिसायची. शतकाच्या अखेरीस गिरक्या आणि उड्या अवघड होत गेल्या, तसा घेर गुडघ्याच्या वर चढला. आजचा टुटू हा जाळीच्या कापडाचे दहा-बारा थर एकावर एक टाचून शिवतात. म्हणून तो खाली न पडता आडवा उभा राहतो.

परीच्या कपड्याला आग

या सुंदर मलमलीची किंमत मात्र भयानक होती. विरळ विणीच्या कापडात हवा खेळती राहते, त्यामुळे ते क्षणात पेटतं. रंगमंचावर तर चहूकडे गॅसच्या उघड्या ज्योती. कापड आग लवकर धरू नये म्हणून ते रसायनात बुडवायची पद्धत निघाली होती. पण त्याने कापड मळकट आणि ताठ दिसायचं, म्हणून नर्तिका ते टाळत. एमा लिव्री ही पॅरिसची उगवती नर्तिका. तिनेही नकार दिला. नोव्हेंबर 1862 मध्ये तालमीच्या वेळी तिचा घेर ज्योतीला लागला. आठ महिने यातना भोगून 1863 च्या जुलैमध्ये ती गेली. तेव्हा ती विशीच्या उंबरठ्यावर होती.

आपल्याकडे उत्तर आधीच होतं

मराठी मुलखात मात्र पाय मोकळे करायला कात्री लागली नाही. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. कमरेला गाठ मारायची, पुढे निऱ्या घालायच्या आणि मधला पदर दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचायचा. झाला कासोटा. पूर्णेच्या काठावर निंदणी-खुरपणी करणारी आजी याच साडीत दिवसभर उठ-बस करायची. तमाशाच्या फडावर तीच साडी थोडी उंच नेसली गेली, म्हणजे घोट्यावरची चाळ मोकळी राहते. ढोलकीच्या तोडीस तोड पाय वाजतो तो त्यामुळे. शेतात चालणारी युक्ती बोर्डावर आली, एवढंच.

गोंधळ्याचं गणित वेगळं. परभणी जिल्ह्याला ही कला नवी नाही. राजारामबापू कदम यांनी परभणीचा गोंधळ नावारूपाला आणला. पायघोळ झगा, डोक्यावर पगडी, गळ्यात देवीच्या कवड्यांच्या माळा. इथे पायांपेक्षा गिरकी महत्त्वाची आणि गिरकीत झग्याचा घेर फुलतो. हे सगळं पेटत्या पोताच्या उजेडात! लिव्रीला जी ज्योत भोवली, तशीच ज्योत गोंधळी हातात धरून नाचतो. फरक असा की ती त्याच्या मुठीत असते, नजरेसमोर असते आणि ती सांभाळणं हा त्याच्या शिकण्याचाच भाग असतो.

संगीत नाटकात पोशाखाने आणखी एक काम केलं, पुरुषाला बाई केलं. बालगंधर्वांनी 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या शालूंचा थाट असा, की प्रेक्षागृहातल्या बायका नेसण्याची ढब डोळ्यांत साठवून घरी जात. पण उंची कपडे, दागिने, पडदे यांवर मंडळीने सढळ हाताने खर्च केला आणि कर्जही डोक्यावर घेतलं. त्यांनीच ‘एकच प्याला’त दारिद्र्यात पिचलेली सिंधू उभी केली, तेव्हा भरजरी वस्त्रांची गरजही पडली नाही.

शिवलेली नऊवारी वाईट का?

मुळीच नाही. नेसवायला जाणतं माणूस घरात नसेल, दोन नाचांच्या मध्ये पाचच मिनिटं असतील, तर तीच उपयोगी. ती सुटत नाही. पण नेसलेल्या साडीत एक सोय असते, अंगाप्रमाणे ती घट्ट-सैल करता येते. शिवलेली एकाच मापाची. मांडीत आखूड असेल तर मुलीला बैठक घेताच येत नाही आणि मग नाच चुकला म्हणून ओरडा तिला बसतो! भाड्याचा ड्रेस घेताना मुलीला त्यात उकिडवं बसवून, पाय लांब टाकून, एक गिरकी घ्यायला लावून पाहावं. आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. नव्या घुंगरांचीही सवय आधी चार दिवस हवी, त्यांचं ओझं पायाला जाणवतं.

दुसरी गोष्ट कापडाची. भाड्याच्या बऱ्याच साड्या पॉलिएस्टरच्या असतात. सुती कापड भडकन पेटतं, तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. टुटूची आजची जाळी नायलॉनची, तीही तशीच. संमेलनात आरतीचा किंवा जोगव्याचा नाच असेल, हातात ताटं असतील, तर त्यात बाजारात मिळणाऱ्या सेलवरच्या पणत्या ठेवाव्यात. गोंधळाच्या नाचातला पोतही लाल-पिवळ्या कागदाचा करता येतो. मागच्या रांगेतून तो पेटल्यासारखाच दिसतो.