पथखाद्ये, मुंबईतील

मुंबई शहरातील रस्ते, पदपथ, चौपाट्या व उपनगरी रेल्वेस्थानकांचा परिसर येथे हातगाडीवर, टोपलीतून किंवा लहान टपरीत विकले जाणारे आणि बहुधा उभ्यानेच खाल्ले जाणारे खाद्यपदार्थ. वडापाव, भजी, भेळ, पाणीपुरी, रगडा-पॅटिस, पावभाजी, भुर्जी-पाव व टोस्ट सँडविच हे त्यांतील प्रमुख होत. घरापासून दूर काम करणाऱ्या माणसाची भूक थोड्या वेळात व थोड्या पैशांत भागविणे, ही या पदार्थांमागील मूळ गरज आहे. चौपाटीवरील भेळ-पाणीपुरी तेवढी याला अपवाद असून ती फिरावयास जाणाऱ्यांचे खाणे आहे.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली. कोकणातून व घाटावरून आलेले कामगार बहुधा कुटुंब गावी ठेवून येत आणि चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया करीत; या स्त्रियांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी केली. खाणावळीचे जेवण ठराविक वेळचे असे. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्याला वा पाळीवर जाणाऱ्याला मधल्या वेळी लागणारे खाणे मात्र गिरणीच्या फाटकाबाहेरच मिळे.

मुंबईच्या पथखाद्यांचा मोठा आधार म्हणजे पाव. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला असून पावाची विद्याही पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून आली. गोव्यात ताडीने कणीक आंबविण्याची रीत होती. गोवेकर पाववाल्यांबरोबर मुंबईत पुढे इराणी बेकऱ्याही निघाल्या. एका पत्र्यावर एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांच्या चौकोनी ‘लादी’मुळे पाव स्वस्त पडतो, त्याच्या बाजू मऊ राहतात आणि तो हाताने सहज सुटा करता येतो. बटाटा, टोमॅटो व मिरची हे पदार्थही मूळचे अमेरिका खंडातील असून त्यांचा भारतात प्रसार पोर्तुगीजांशी आलेल्या संपर्कानंतरच झाला. आज अस्सल देशी समजला जाणारा वडापाव घटकांच्या दृष्टीने असा बराचसा परदेशी आहे.

वडापाव : उकडून कुस्करलेल्या बटाट्यात आले, लसूण व हिरवी मिरची यांचे वाटण, हळद, कोथिंबीर आणि मोहरीची फोडणी घालून गोळे करतात, ते बेसनाच्या पिठात बुडवून तळतात. चिरलेल्या पावात सुके खोबरे, लसूण व लाल तिखट यांची कोरडी चटणी भुरभुरून त्यात वडा दाबून बसवितात. सोबत तळलेली व मीठ लावलेली हिरवी मिरची असते. कढईत गळून तळल्या गेलेल्या पिठाचा ‘चुरा’ काही गाड्यांवर मागणाऱ्याला मिळतो. जाणकार गिऱ्हाईक तो मागून घेते. बटाटेवडा महाराष्ट्रात पूर्वीपासून घरोघरी होत असे. तो पावात घालून विकण्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते; त्यांनी १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशी विक्री सुरू केली, असे मानतात. या युक्तीचे महत्त्व चवीइतकेच सोयीतही आहे. ताटली, चमचा व बसावयास जागा यांपैकी काहीच लागत नाही. रस्सा नसल्याने कपडे खराब होत नाहीत, दुसरा हात पिशवीसाठी किंवा गाडीतील दांड्यासाठी मोकळा राहतो आणि दोन गाड्यांमधील चार-पाच मिनिटांत खाणे उरकते.

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. अनेक गिरण्या त्यानंतर पूर्ववत चालू झाल्याच नाहीत. काम गमावलेल्या कामगारांपैकी कित्येकांनी व त्यांच्या घरच्या स्त्रियांनी वडापावची, भाजीची वा चहाची गाडी लावून संसार सावरला. ज्यांच्या भुकेसाठी हे खाणे निघाले, त्यांच्यावरच ते विकण्याची वेळ आली. शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली होती. ती योजना काही वर्षांतच बंद पडली. वडापाव मात्र कोणत्याही योजनेशिवाय टिकून आहे.

पावभाजीचा संबंधही गिरणगावातील कामगारांशी जोडण्यात येतो. मोठ्या सपाट तव्यावर उकडलेला बटाटा, टोमॅटो, वाटाणा व ढोबळी मिरची एकत्र ठेचून लोणी व मसाल्यात शिजवितात. भाज्या ठेचल्यामुळे त्या चिरण्याचे वा नेटक्या दिसण्याचे बंधन राहत नाही. हे कामकऱ्याचे खाणे पुढे उपाहारगृहांत शिरले व लोण्याच्या प्रमाणाबरोबर महागही झाले.

भेळ हा भाजण्यातळण्यापेक्षा मिसळण्याच्या कौशल्याचा पदार्थ होय. कुरमुरे, शेव, कुटलेली पुरी, कांदा, उकडलेला बटाटा व कैरी यांवर चिंच-खजुराची गोड, कोथिंबीर-मिरचीची हिरवी आणि लसणाची तिखट अशा तीन चटण्या पडतात. ओलावा लागताच कुरमुरे काही मिनिटांत मऊ पडतात. म्हणून भेळ आधी करून ठेवता येत नाही, ती गिऱ्हाइकासमोरच कालवावी लागते. कोलकात्याच्या झालमुडीत मोहरीचे तेल असते, तर कोल्हापूरकडील भेळेत भडंगाला महत्त्व असते. आंबटगोड चटण्यांचा भरपूर वापर हे मुंबईच्या भेळेचे लक्षण होय. हा व्यवसाय मुख्यतः उत्तर भारतातून आलेल्यांच्या हाती राहिला असला, तरी तिच्या आंबटगोड चवीवर गुजराती रुचीची छाप स्पष्ट दिसते. मुंबईची पाणीपुरीही अशीच संमिश्र असून पुरीत बहुधा गरम रगडा व गोड चटणी घालून ती पुदिन्याच्या थंड, तिखट पाण्यात बुडवितात.

टोस्ट सँडविच हे कचेऱ्यांच्या वस्तीतील खाणे. बटाटा, बीट, काकडी व टोमॅटो यांच्या चकत्या हिरव्या चटणीबरोबर पावाच्या कापांत घालून मुठीच्या साच्यात शेगडीवर भाजतात. सकाळी सायकलवरून इडली-वडा विकणारे बरेच तमिळ विक्रेते धारावीतून निघतात. महंमद अली मार्गावर रमजानच्या महिन्यात संध्याकाळनंतर कबाब, नल्ली निहारी, मालपुवा व फिरनी यांसाठी सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. रात्री उशिरा भुर्जी-पावच्या गाड्या तेवढ्या उघड्या असतात. अर्धा पेला, म्हणजे ‘कटिंग’ चहा मात्र कोणत्याही वेळी चालतो.

आरोग्य : कढईतून थेट हातात आलेला वडा जंतुसंसर्गाच्या दृष्टीने बराच सुरक्षित असतो, धोका न शिजविलेल्या पदार्थांत अधिक असतो. पाणीपुरीचे पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे व चटण्या यांतून पावसाळ्यात विषमज्वर, कावीळ व अतिसार पसरू शकतात. विक्रेत्याला नळ मिळत नाही, पाणी विकत वा मागून आणावे लागते आणि तेच पुरवून पुरवून वापरावे लागते, हे याचे एक मोठे कारण आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा कायदा ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याखाली लहान विक्रेत्यांनाही नोंदणी आवश्यक आहे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही. वर्तमानपत्राच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरत असल्याने त्यात खाद्यपदार्थ बांधून देण्यासही मनाई आहे. तरीही वड्याखालचा कागद बऱ्याच ठिकाणी अद्याप वर्तमानपत्राचाच असतो.

कायदेशीर स्थिती : पथखाद्यांपुढील खरी अडचण जागेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. नवी दिल्लीतील सोदनसिंग यांच्या खटल्यात १९८९ मध्ये, रस्त्यावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क ठरला. परंतु मुंबईसंबंधीच्या २००३ च्या निर्णयाने रेल्वेस्थानकापासून १५० मी. आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांपासून १०० मी. अंतरात फेरीवाल्यांस बंदी घातली. वडापाव जेथे रूढ झाला व जेथे त्याचे गिऱ्हाईक आहे, नेमकी तीच जागा या अंतरात येते.

या बंदीमागे सबळ कारणही आहे. एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर स्थानकांभोवतीच्या गर्दीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी वरील अंतरांचा नियम कायम ठेवला. उलट, २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेते व ग्राहक परंपरेने जेथे एकत्र येतात, त्या जागांना ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून मान्यता दिली असून सर्वेक्षणात निश्चित झालेला असा बाजार विक्रीमुक्त क्षेत्र ठरविता येत नाही. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, अशीही त्यात तरतूद आहे. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, असे या कायद्यात म्हटले आहे. मुंबईत सर्वेक्षण २०१४ मध्ये झाले. या प्रतिनिधींसाठी मतदान होण्यास मात्र २०२४ साल उजाडले. परवाना नसलेल्या विक्रेत्यांची गाडी, शेगडी व माल जप्त होण्याची टांगती तलवार कायम असते. दंड भरून गाडी सोडवून आणणे हा अनेकांच्या खर्चाचा नेहमीचाच भाग होऊन बसला आहे.

कोरोना महामारीच्या टाळेबंदीत (मार्च २०२०) ही विक्री पूर्णपणे थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र शासनाने पथविक्रेत्यांसाठी प्रारंभी १०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज देणारी योजना सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या कारणास्तव लाकूड व कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत अन्य इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. अनेक जुन्या बेकऱ्या लाकडावर पाव भाजत आल्या असून भट्टी बदलण्याचा खर्च लहान बेकरीवाल्यास जड जातो. लादीपावाचा भाव वाढल्यास त्याचा भार शेवटी वडापावच्या गिऱ्हाइकावर पडतो.