बँडवाल्याचे नाव

चित्रपटगीत कानी पडताच आपण गायक ओळखतो, फार तर संगीतकाराचे नाव सांगतो. वादकाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या वरातीत ट्रम्पेट फुंकणाऱ्याला 'बँडवाला' एवढेच नाव असते. चित्रपटसृष्टीतील वादकांच्या वाट्यालाही याहून वेगळे काही आले नाही. चिक चॉकलेट हे त्यांतलेच एक असामान्य कलावंत.

त्यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातील हळदोण्याचा. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत. त्या विद्येच्या बळावर अनेक गोमंतकीय तरुणांनी मुंबई गाठली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला जाझची गोडी लागली. पुढे त्याच ताजमध्ये चिक यांचा स्वतःचा वाद्यवृंद गाजला. लुई आर्मस्ट्राँग यांची शैली त्यांनी अशी आत्मसात केली, की रसिक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

रात्री हॉटेल आणि दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, असा या वादकांचा क्रम असे. पुणतांब्यात जन्मलेल्या आणि आपल्या शेजारच्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीत शिकलेल्या सी. रामचंद्रांना चिक यांच्या रूपाने मोलाचा सहकारी लाभला. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) या दोन परंपरांचा संगम आढळतो: चाल इथल्या मातीतली, ठेका आणि ट्रम्पेटचा झंकार जाझचा. याच चित्रपटात चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. १९५१ च्याच 'नादान'चे संगीत त्यांनी स्वतः दिले.

१९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथेही नावे पुकारली जात ती गायक, गीतकार आणि संगीतकार यांची. चिक १९६७ मध्ये निवर्तले. मुंबईत दूरदर्शन आले १९७२ मध्ये. छोट्या पडद्याने जुनी गाणी घरोघर नेली खरी, पण त्यांतला ट्रम्पेटवादक अनामच राहिला.

गाणे हे एकट्याचे कर्तृत्व नसते. 'अलबेला' पुन्हा पाहण्याचा योग आला, तर घरातील मुलांना ट्रम्पेट वाजविणारा तो माणूस अवश्य दाखवावा, आणि त्याचे नावही सांगावे.